समुद्र बघायचाय, पण कुठला?

(सामुदायिक रेडिओवरील महिला बचतगटांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



दिवाळी सरली, रब्बीची पेरणी उरकली की आपल्या गटांच्या मासिक बैठकीत एक विषय हमखास निघतो. बचत जमा होते, हप्ते भरून होतात, वहीवर सह्या होतात आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, एकदा समुद्र दाखवा की." त्यानंतर सगळ्याजणी एकदम बोलायला लागतात. कुणाला गणपतीपुळ्याला जायचं असतं, कुणाला मालवणला. जिची लेक पुण्यात दिली आहे ती अलिबाग म्हणते. दोन-तीन नव्या सुना एकमेकींकडे बघून हसत गोव्याचं नाव घेतात. तास जातो, चहा होतो आणि ठराव काही होत नाही.

म्हणून आज आम्ही या चारही किनाऱ्यांची नीट तुलना तुमच्यासमोर मांडणार आहोत. आम्ही म्हणजे तालुक्यात काम करणाऱ्या सहयोगिनी आणि मागच्या काही वर्षांत ज्या गटांनी स्वतःच्या पैशांनी सहली केल्या त्या बायका. आपण आटपाडी, जत, माण, खटाव या बाजूच्या. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी मोठी गोष्ट. कोकणात तो तीन हजारांच्या आसपास पडतो. पाण्यासाठी आयुष्य घातलेल्या बाईला एवढं पाणी एका ठिकाणी बघावंसं वाटलं तर त्यात वावगं काय?

पण वावगं वाटतं, हे आपल्याला माहीत आहे. घरातून बाहेर पडायला बाईला कारण लागतं. देवाला जायचं, लग्नाला जायचं, कुणाच्या मातीला जायचं, बाळंतपणाला जायचं. "समुद्रावर तुमचं काय काम आहे?" असं घरचे विचारतात तेव्हा उत्तर सुचत नाही. मैत्रिणींनो, उत्तर असं आहे की काम काहीच नाही. वर्षभर कामच केलं, आता दोन दिवस काम नको. हे एकटीला सांगणं जड जातं. वीस जणींचा ठराव झाला आणि तारीख वहीत लिहिली की तेच बोलणं सोपं होतं. गट आहे कशासाठी?

आता ठिकाण निवडताना फोटो बघून निवडू नका. फोटोत सगळेच किनारे छान दिसतात. आम्ही चार प्रश्न विचारतो. गाडीत किती तास बसायचं? राहायला आणि विशेषतः न्हाणी-संडासाला सोय कशी? माळकरी आणि मांसाहारी अशा दोघींना जेवण मिळेल का? आणि चौथा प्रश्न, तिथला समुद्र कसा आहे? या चार प्रश्नांवर आपण उत्तरेकडून खाली येऊ.

पहिला रायगड जिल्हा. अलिबाग, वरसोली, नागाव, किहीम, पुढे काशीद, मुरुड, आणि आणखी खाली दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. आपल्याकडून जायचं तर पुणे गाठून, बोरघाट उतरून खोपोली-पेणमार्गे जावं लागतं. म्हणजे जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस. पण ज्यांचे भाऊ, दीर, मुलं मुंबईत कामाला आहेत त्यांना हा किनारा जवळचा. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला बोटी जातात, त्या पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी रो-रो बोटही २०२० पासून सुरू झाली आहे. मुंबईत मुक्काम आणि अलिबाग एका दिवसात, असं जमू शकतं.

अलिबागची वाळू काळसर आहे आणि पाणी गढूळ. त्यात घाण आहे असं नाही, तिथल्या किनाऱ्याचा स्वभावच तसा. तिथे भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. मात्र पाणी परत चढायच्या आत परतावं लागतं, नाहीतर मग होडी बघायची. मुरुडजवळ जंजिरा किल्ला आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, हे बघण्यासारखं आहे. दिवेआगरला सुवर्णगणेश, हरिहरेश्वरला शंकराचं देऊळ, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येतं की देवाला चाललो. शनिवार-रविवारी मात्र मुंबई-पुण्याची गर्दी तिथे उतरते आणि खोल्यांचे दर चढतात. गेलात तर मधल्या वारी जा.

दुसरा रत्नागिरी जिल्हा. आपल्या भागाला हा सगळ्यात सोयीचा. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून गुहागर. नाहीतर कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करून रत्नागिरी आणि गणपतीपुळे. पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी पोट अगदी रिकामं ठेवू नये, हलकं खावं, पुढच्या सीटवर बसावं आणि आलेपाक सोबत ठेवावा.

गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. स्वयंभू गणपती, पश्चिमेकडे तोंड. देवाची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या डोंगराची प्रदक्षिणा. भक्तनिवास आहे, शाकाहारी जेवणाच्या खानावळी आहेत, उकडीचे मोदक मिळतात. वयस्कर बायका सोबत असतील तर पहिल्या सहलीला याहून सोयीचं ठिकाण नाही. तिथून रत्नागिरीला आरे-वारेच्या रस्त्याने गेलं की उजव्या हाताला सगळा समुद्र दिसतो. खाली पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ आहे. गुहागरला लांबच लांब किनारा, व्याडेश्वराचं देऊळ आणि माणसं कमी. वर दापोलीकडे हर्णै बंदरात माशांचा लिलाव चालतो. तो मांसाहार न करणाऱ्या बाईनेही बघावा, कारण तिथे कोळणी ज्या हिशोबाने बोली लावतात आणि माल उचलतात तसा हिशोब आपल्याला बाजारात करता आला पाहिजे. मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव कासवांसाठी प्रसिद्ध आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर येतात आणि समुद्राकडे जातात. गावातल्या घरांत पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय होते, आणि त्यातून त्या घरांतल्या बायकांच्या हातात पैसा येतो.

आता पुळ्याची एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिथला समुद्र पाण्यात उतरायचा नाही. खोली एकदम वाढते, ओढ जोरात असते, आणि दरवर्षी तिथे माणसं बुडतात. देवाच्या दारातलं पाणी आहे, काही होणार नाही, असं म्हणून कुणी पुढे जाऊ नये. तिथे पाय भिजवायचे, तेवढंच.

तिसरा सिंधुदुर्ग. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला. कोल्हापूरहून गगनबावड्याने किंवा फोंडा घाटाने उतरायचं, नाहीतर आंबोली घाटाने सावंतवाडी. रेल्वेने गेलं तर मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली स्टेशन. प्रवास रत्नागिरीपेक्षा थोडा लांब, म्हणून इथे एक मुक्काम पुरत नाही, दोन हवेत. पण पाणी बघाल तर इथलं. मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, वेंगुर्ले, शिरोडा. वाळू पांढरट, पाणी निळं. मासे खाणाऱ्यांना इथलं ताट म्हणजे चैन. माळकरी बायकांसाठी घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी असतं, पण ते आधी फोन करून सांगून ठेवायचं.

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात याचं काम सुरू केलं. किल्ल्यात महाराजांचं मंदिर आहे, त्यांच्या हातापायाचे ठसे दाखवतात. पण आमच्या बायका सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भर समुद्रात गोडं पाणी. टँकरची वाट बघत रात्री जागलेल्या बायका त्या. वाकून वाकून बघत होत्या. "एवढ्या खाऱ्यात गोडं सापडलं, मग आपल्या माळावर कसं नाही?" असं एक मावशी म्हणाल्या, आणि परत येताना गाडीत पाणलोटाच्या कामावर जी चर्चा झाली ती एरवी ग्रामसभेतही होत नाही.

वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडी आहे. तिथे 'स्वामिनी' नावाच्या बचतगटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी चालवायची त्यांनी, माहिती सांगायची त्यांनी आणि पैसा त्यांच्या गटाचा. आपण गटाच्या बायका. आपला पैसा कुठे खर्च होतो याचाही विचार करावा. चार हजार रुपये मोठ्या हॉटेलात देण्यापेक्षा एखाद्या ताईच्या घरगुती निवासात, गटाच्या खानावळीत, कोकम-आगळ विकणाऱ्या बाईकडे गेले तर ते आपल्यासारख्याच घरात जातात. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं आहे. पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईला कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात तरतूद आहे. सहलीला गेल्यावर तिथल्या बायकांना विचारा की सुरुवात कशी केली, पाहुणे कुठून येतात, वर्षातले किती महिने धंदा चालतो. हुरड्याच्या दिवसांत आपल्या शेतावर पाहुणे का येऊ नयेत?

चौथा गोवा. तरुण सुनांनी नाव घेतलं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. गोव्यात किनारे शंभर किलोमीटरच्या आसपास सलग पसरलेले आहेत. उत्तरेला कळंगुट, बागा इथे गर्दी, गाणी, दुकानं. दक्षिणेला कोलवा, बाणावली, पाळोळे इथे जरा शांत. मंगेशी, शांतादुर्गा ही देवळं आहेत. २००८ पासून तिथे मुख्य किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत, लाल झेंडा असेल तिथे पाण्यात जाऊ देत नाहीत. ही गोष्ट आपल्या किनाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. पण गटाच्या दृष्टीने दोन अडचणी. आपण शिधा घेऊन निघतो आणि जागा दिसली की चूल मांडतो. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, दंड होतो. आणि दुसरं, एसटीची अर्धं तिकीट सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणून गोवा नको असं नाही, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या सहलीचा विषय.

आता समुद्राबद्दल. हा भाग लक्ष देऊन ऐका, कारण आपण विहिरीवरच्या बायका. पोहता येत असलं तरी विहिरीचं पाणी एका जागी थांबतं, समुद्राचं थांबत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. ही घाबरवण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. नियम पाळले तर समुद्र आनंदाचा आहे.

भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते. सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा फरक कमी. कोकणातले लोक तिथीवरून वेळ काढतात, आणि तिथी तर आपल्या प्रत्येकीला तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठच्या सुमाराला. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. दिवसाही आणि रात्रीही. हा अंदाज झाला, पोचल्यावर तिथल्या कोळ्यांना विचारून खात्री करायचीच. पाणी उतरत असताना, म्हणजे ओहोटीला, ते आत ओढतं. त्या वेळी वाळूवर चाला, शिंपले गोळा करा, पाण्यात शिरू नका.

बाकीचे नियम थोडक्यात. गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही. नऊवारी-सहावारी भिजली की पायात अडकते आणि जड होते, म्हणून पाण्याजवळ जाताना सलवार-कुडता घाला, कोण काय म्हणेल याची काळजी नको. एकटीने जायचं नाही, तिघी-तिघींनी हात धरून जायचं आणि दोघींनी वाळूवर उभं राहून डोकी मोजायची. नदी किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे उतरायचं नाही. पायाखालची वाळू सरकली आणि पाण्याने ओढलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, दम संपतो. अंग पाण्यावर सोडून किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं आणि हात वर करून ओरडायचं. बुडणारीला धरायला दुसरीने उडी मारायची नाही, दोर, ओढणी, रिकामा कॅन फेकायचा. होडीत जाकीट घातल्याशिवाय बसायचं नाही, आणि जास्त माणसं भरत असतील तर उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. मदतीसाठी ११२ नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८. जून ते ऑगस्ट समुद्रावर सहल नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम.

आता पैसा. गटाचा फिरता निधी किंवा बँकेच्या कर्जातला एक रुपयाही सहलीला लावायचा नाही. वेगळी वही, वेगळी बचत. पंधरा जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षात अठरा हजार होतात, एकीच्या वाट्याला बाराशे. त्यात बसेल तेवढीच सहल करायची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्या आजींना तर प्रवास मोफत. तेव्हा खाजगी गाडी ठरवण्याआधी एसटीने जाऊन किती होतील तो हिशोब मांडा. खोलीचे पैसे फोनवर बोलून ठरवले असतील तर ते मेसेजवर लिहून घ्या. एका ठिकाणी आमच्या गटाला फोनवर एक दर सांगितला आणि पोचल्यावर "तो माणशी होता" म्हणाले. मेसेज दाखवल्यावर गप्प बसले. खोली ठरवताना संडास किती, पाणी चोवीस तास आहे का, दाराला आतून कडी आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि एप्रिल-मेमध्ये गेलात तर पाणी जपून वापरा. एवढा पाऊस पडूनही कोकणात उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांवर टंचाई असते. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

अजून एक. सहलीची यादी करताना कोण सुटतंय ते बघा. हळदीकुंकवाला जिला बोलावत नाहीत, ती विधवा बहीण इथे पहिल्या नावात असली पाहिजे. जिला नवऱ्याने टाकलं तीही. जिला बचत जमत नाही तिच्यासाठी बाकीच्यांनी दहा-दहा रुपये जादा टाकावेत, आणि ते तिला ऐकवू नयेत. पाळी आली म्हणून कुणी घरी राहू नये. देवळात जायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं, समुद्राला काही विटाळ नाही.

आता आमचं मत सांगतो. पहिल्यांदाच जात असाल, सोबत साठीच्या पुढच्या बायका असतील आणि एकच मुक्काम जमत असेल, तर रत्नागिरी जिल्हा. देऊळ पुळ्याचं करा, पण वाळूवर निवांत बसायला गुहागर किंवा आरे-वारेचा किनारा धरा. दोन मुक्काम जमत असतील आणि धंद्याचंही काही बघायचं असेल, तर मालवण-वेंगुर्ले. मुंबईत नातलग असतील तर अलिबाग. गोवा त्यानंतर. तुमच्या गटाचं उत्तर वेगळं निघालं तरी हरकत नाही, पण ते चार प्रश्न विचारून निघू द्या. एकीच्या आवाजाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा. जी कधीच बोलत नाही तिची चिठ्ठीही तेवढ्याच वजनाची.

येत्या बैठकीत हा विषय शेवटी न घेता पहिला घ्या. ठिकाण, तारीख, महिन्याची रक्कम आणि दोन जबाबदार बायकांची नावं, एवढं वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. ज्या गटांचा ठराव होईल त्यांनी आम्हाला कळवावं. तिथी बघून भरतीची वेळ काढायला काही अडलं तर तालुक्याच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना सोबत बसून शिकवू.

ऐकत राहा, आणि बैठकीला वेळेवर या. नमस्कार.